खरात सिस्टरच्या ट्रॅक्टरची सोंड

खरात सिस्टर कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिची नाडी बघायच्या. खरोखर बघायच्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, डावा हात फ्रिजच्या पाठीवर ठेवलेला आणि नजर काट्यावर. मिनिटभर दुकानात कुणी बोलायचं नाही. दुकानदार म्हणायचा, "मॅडम, पाच वर्षांची गॅरंटी आहे." सिस्टर काट्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "गॅरंटी पेशंटच्या नातेवाइकालाबी पाहिजे असते. आमी कधी दिली नाय."

संभाजीनगरात आमच्या कॉलनीत त्या माझ्या शेजारी राहत. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या. खरात साहेब आधीच गेलेले, मुलगी नागपूरला. नोकरी सुटली तरी सवयी सुटल्या नव्हत्या. कॉलनीतल्या कुणी 'बरं वाटत नाही' म्हटलं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "दुखतंय कुठं ते बोला, गोष्ट नका सांगू." स्वयंपाक झाला की ओट्यावरचे चमचे, उलथणी, सांडशी मोजायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "काउंट बरोबर." पोटात काही राहिलं नाही याची खात्री केल्याशिवाय टाके घालायचे नाहीत, ही थिएटरची शिस्त त्यांनी वरणभातालाही लावली होती.

मी तंत्रनिकेतनात शिकवतो. त्या मला 'मास्तर' म्हणत. एका रविवारी सकाळी दारात उभ्या राहिल्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी.

"मास्तर, गाडी काढा. ट्रॅक्टर घ्यायचाय."

"सिस्टर, मला ट्रॅक्टरमधलं काही कळत नाही."

"मेकॅनिकल शिकवता ना?"

"मेकॅनिकलच्या मुलांना ड्रॉइंग शिकवतो."

"मग चित्र तरी काढताल. चला."

ट्रॅक्टर का घ्यायचा ते मला गाडीत कळलं. खुलताबादजवळ त्यांची तीन एकर पेरूची आणि सीताफळाची बाग होती. सिस्टरचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे. सिस्टरनी नोकरी लागल्यावर पगारातून त्याच शिवारात थोडी थोडी जमीन घेतली आणि वडिलांच्या हातात दिली. वडील गेल्यावर धाकटा भाऊ मिलिंद बाग बघू लागला. आता मिलिंदभाऊंच्या कमरेचे मणके सरकले होते. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली होती. शेणखताची पाटी न उचलता बाग करायची कशी? मिलिंदभाऊ म्हणाले होते, "ताई, इकून टाकू. गिऱ्हाईक बांधालाच हाये."

बांधाला होते ते रावसाहेब. त्यांच्याच वडिलांकडे सिस्टरचे वडील सालदार होते.

सिस्टर म्हणाल्या, "मी मिलिंदला म्हणलं, एक वर्ष थांब. वजन माणसानं उचलायचं का मशिननं, एवढाच प्रश्न हाये. तेवढ्यासाठी बाप विकायचा नाय."

जालना रोडवरच्या पहिल्या दुकानात सेल्समन माझ्याशीच बोलायला लागला. "सर, हा अठरा एचपीचा, हा चोवीसचा, सर टर्निंग रेडियस बघा…" सिस्टरनी त्याला दोन मिनिटं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "ह्यांना चित्र काढता येतं. चालवणार मी हाये." त्यांनी पिशवीतून बँडेजची गुंडाळी काढली. तिच्यावर जांभळ्या औषधानं खुणा केल्या होत्या. पहिली खूण म्हणजे दोन झाडांच्या ओळीतलं अंतर. दुसरी, सगळ्यात खालच्या फांदीची उंची. तिसरी, बागेच्या फाटकाची रुंदी. चौथी खूण मला कळेना.

"ही काय?"

"माझ्या पायाची लांबी. क्लच दाबायचाय ना!"

त्या पट्टीनं त्यांनी त्या दिवशी तीन दुकानांतले सात ट्रॅक्टर मापले. एकाची चाकं ओळीत मावेनात. एकाचा सायलेन्सर उभा होता, तो फांद्यांना लागणार. एकाचा क्लच दाबताना सिस्टर सीटवरून निम्म्या खाली आल्या. सेल्समन समजुतीनं म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हर ठेवा ना एखादा." सिस्टर त्याच्याकडे बघून अतिशय गोड हसल्या. ते हसू इंजेक्शनच्या आधीचं होतं. त्यांनी त्याला शेजारच्या स्टुलावर बसवलं, नाडी बघितली आणि "जेवण वेळेवर करत जा, ठोके फार पळतात," असं सांगून आम्ही बाहेर पडलो. मी वळून पाहिलं तर तो स्वतःचं मनगट धरून बसला होता.

शेवटी ट्रॅक्टर मिळाला तो लासूर स्टेशनजवळच्या एका नर्सरीत. नर्सरीवाले आप्पा धंदा बंद करत होते. छोटा, लाल, बुटका ट्रॅक्टर. पट्टीच्या चारही खुणांत बसला. फक्त त्याला पुढं एक लोडर लावलेला होता: दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला माती उचलायची बकेट. लोडरसकट घ्यायचा, सुटा नाही, अशी आप्पांची अट होती.

आप्पांनी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर फुर्रकन चालू झाला. "बघा, एका हाकेत उठतो!"

सिस्टरनी बंद करायला लावला. बॉनेटवर हात ठेवला, घड्याळ बघितलं.

"आप्पा, पेशंटला आम्ही यायच्या आधीच गोळी दिलेली दिसती."

"म्हणजी?"

"अंग गरम हाये. सकाळी थंड असताना उठत नसंल, म्हणून चालवून ठिवला व्हय?"

आप्पांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सिस्टरनी शांतपणे एक उलटी कुंडी ओढली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आमी थांबतो. चहा ठिवा." इंजिन थंड व्हायला दोन तास लागले. तेवढ्यात तीन चहा झाले, आप्पांच्या गुडघ्याचं निदान झालं आणि त्यांच्या बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्यांची वेळ बदलली गेली. मग थंड ट्रॅक्टर चालू करून बघितला. चौथ्या हिसक्याला उठला. सिस्टर म्हणाल्या, "बॅटरी अशक्त हाये. बाकी प्रकृती ठीक." आप्पांनी स्वतःहून नवी बॅटरी बसवून दिली. तोवर त्यांना दुसरं काही सुचण्याची सोय राहिली नव्हती.

बागेत ट्रॅक्टर आला आणि पहिल्याच दिवशी लोडरनं पेरूच्या दोन फांद्या मोडल्या. ओळीच्या टोकाला वळताना ते लोखंडी हात झाडात घुसायचे. गावातल्यांनी त्याचं नाव 'सोंड' ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात मिलिंदभाऊंनी ओलं शेणखत बकेटमध्ये काठोकाठ भरलं आणि वर उचललं, तर ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून सुटली. मिलिंदभाऊ सीटवर, ट्रॅक्टर नाकावर, आणि समोर रावसाहेब बांधावर उभे. सिस्टर ओरडल्या, "हळूच खाली! बाळ ठेवल्यागत!" बकेट खाली आली, चाकं टेकली. मिलिंदभाऊ उतरले आणि बांधावर जाऊन बसले. मग म्हणाले, "ताई, माझी कंबर गेली ती गेली. आता जीव बी घालवती का?"

त्या दिवशी परतताना दौलताबादचा घाट उतरल्यावर सिस्टर म्हणाल्या, "चूक माझी. पुढं ओझं दिलं आन मागं काहीच नाय. पेशंट उभा करताना मागनं कुणीतरी धरावंच लागतं." पुढच्या रविवारी त्यांनी एका पत्र्याच्या पिंपात सिमेंट-खडी ओतून ते ट्रॅक्टरच्या मागं बांधलं. चाकं पुन्हा कधी सुटली नाहीत. पण फांद्या मोडतच होत्या.

आम्ही बागेत गेलो की रावसाहेब सल्ला द्यायला येऊ लागले. धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, आवाज असा की पेरूवरचे पोपट उडायचे. मनानं वाईट नव्हते. फक्त शेजारचं सगळं आपल्याला विचारून व्हावं असं त्यांना वाटायचं.

"सिस्टरबाई, ती सोंड काढून टाका. बागेत तिचं काय काम?"

"मग खत कोण उचलंल? मिलिंद?"

"गडी लावा. आन सोंड मला द्या. माझ्या मोठ्या ट्रॅक्टरला लावतो."

"मी काढीन की. खत भरायचं आसंल तवा लावीन, बागेत जायचं आसंल तवा काढीन."

रावसाहेब मोठ्यांदा हसले. "एकदा काढलेली सोंड पुन्यांदा बसत नसती. शेडमागं गंजून जाती. आन हे बायामाणसाचं काम नव्हं."

यातलं पहिलं वाक्य सिस्टरनी ऐकून घेतलं असतं. दुसऱ्यानंतर त्यांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला म्हणजे थिएटरमध्ये मोठे मोठे सर्जन गप्प होत, असं त्यांनीच मला सांगितलेलं आहे.

"रावसाहेब, पैज लावता?"

पैज अशी ठरली. सिस्टरनी एकटीनं लोडर काढायचा, ट्रॅक्टर बागेत एक फेरी मारून आणायचा आणि लोडर परत बसवायचा. वेळ चाळीस मिनिटं. जमलं तर हंगामभर सिस्टरचे पेरू रावसाहेबांच्या पिकअपमधून बाजारात जातील. नाही जमलं तर लोडर रावसाहेबांचा. मिलिंदभाऊ डोक्याला हात लावून म्हणाले, "आता हे बी जानार."

महिनाभर तयारी चालली. खुलताबादचे हबीबचाचा, जुने मेकॅनिक, त्यांनी शिकवायचं कबूल केलं. "सिस्टर, मशीन अच्छी है, पर नखरे हैं उसके," ते म्हणाले. फीचं विचारलं तर त्यांनी बाही वर केली: "मेरा बीपी देख लेना, बस." सिस्टर आठवड्यातून दोनदा बसनं जायच्या, लोडर काढायच्या, लावायच्या आणि हबीबचाचांचं मीठ बंद करून यायच्या. मला काम दिलं ते वेगळंच. रावसाहेबांच्या मोठ्या ट्रॅक्टरखाली शिरून त्याच्या सांगाड्याचं मापासकट चित्र काढायचं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "अभ्यास." मी रावसाहेबांना 'विद्यार्थ्यांसाठी पाहिजे' असं सांगितलं आणि दुपारभर त्यांच्या ट्रॅक्टरखाली उताणा पडलो. त्यांनी मला दोनदा ताक पाठवलं. त्या ताकाची मला अजून लाज वाटते.

पैजेच्या दिवशी पाच-पन्नास माणसं जमली. रावसाहेबांनी मुद्दाम दुपारची वेळ ठरवली होती. उन्हात तेलाच्या नळ्या तापतात, आतला दाब वाढतो आणि मग त्या परत बसत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. सिस्टरना पण माहीत होतं. त्यांनी पिशवीतून ओली फडकी काढली आणि ताप आलेल्या पोराच्या कपाळावर घालाव्यात तशा पट्ट्या नळ्यांवर घातल्या. जमिनीवर पांढरं कापड पसरलं. मला घड्याळ धरायला सांगितलं.

बकेट जमिनीला टेकली. लोडरचे उभे पाय खाली आले. इंजिन बंद. दांडा मागंपुढं करून तेलाचा दाब सोडला. चार नळ्या निघाल्या. दोन मोठ्या पिना निघाल्या आणि त्या सरकू नयेत म्हणून असतात त्या दोन बारीक लॉकपिना. एकेक वस्तू पांढऱ्या कापडावर ओळीत. सिस्टर सीटवर चढल्या, ट्रॅक्टर मागं घेतला, आणि सोंड आपल्या पायांवर एकटीच उभी राहिली. अकरा मिनिटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टर पेरूच्या ओळीतून असा फिरून आला की पानही हललं नाही. एकोणीस मिनिटं. रावसाहेबांची टोपी आतापर्यंत तीनदा सरळ झाली होती.

सिस्टरनी ट्रॅक्टर अलगद लोडरच्या दोन हातांमध्ये नेला. उतरल्या. कापडाजवळ गेल्या आणि थांबल्या.

"काउंट चुकला."

सात वस्तू होत्या. आठ पाहिजेत. एक लॉकपिन नव्हती.

मी हळूच म्हणालो, "सिस्टर, वेळ जातोय. सध्या तार लावा एखादी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घड्याळाकडे बघू लागलो. "मास्तर, तार तुटली, पिन सरकली, वजनासकट सोंड मिलिंदच्या पायावर आली, तर चित्र काढताल का त्याचं?" मग गर्दीकडे वळून त्यांनी आवाज चढवला. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "कुणीबी हलायचं नाय. काउंट जुळल्याशिवाय थिएटरच्या बाहेर कुणी जात नसतं."

पन्नास माणसं उन्हात पुतळ्यासारखी उभी. सिस्टर वाकून जमीन बघताहेत. गवत विंचरताहेत. सव्वीस मिनिटं. एकतीस. मिलिंदभाऊंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. छत्तिसाव्या मिनिटाला सिस्टर एकेकासमोर उभ्या राहू लागल्या. काही न बोलता मनगट धरायचं, घड्याळ बघायचं, सोडायचं. चौथे रावसाहेब होते. त्यांचं मनगट सिस्टरनी सोडलंच नाही.

"रावसाहेब, नाडी लई पळती."

रावसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी दुसरा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि लॉकपिन काढली. "पडून हरवंल म्हनून… जपून ठिवली व्हती," ते म्हणाले. एरवी पोपट उडवणारा आवाज पहिल्या ओळीपलीकडे गेला नाही.

गर्दीत असं हसू फुटलं की शेजारच्या रानातल्या बायका धावत आल्या. सिस्टर हसल्या नाहीत. पिन कापडावर ठेवली, आठ मोजल्या, "काउंट बरोबर" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. शेवटची नळी बसली तेव्हा घड्याळात सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

लोक ओरडू लागले, "शोधायचा टाइम धरायचा नाय! सिस्टर जितल्या!" रावसाहेब स्वतःच म्हणाले, "व्हय, धरू नका."

"धरायचा," सिस्टर म्हणाल्या. "चाळीस ठरले व्हते. मी हरले. लोडर तुमचा. उद्या घेऊन जा."

मिलिंदभाऊ चिडून शेडकडे निघून गेले. गाडीत मीही सिस्टरवर चिडलो. सरळ जिंकलेली पैज कुणी अशी हरतं का? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मास्तर, तुमचं चित्र लई चांगलं आलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी रावसाहेब मोठा ट्रॅक्टर आणि चार माणसं घेऊन आले. दुपारपर्यंत घाम गाळला. लोडर त्या ट्रॅक्टरला बसेना. सांगाडा रुंद, भोकं वेगळ्या जागी, नळ्यांची तोंडं वेगळी. माझ्या चित्रात हे सगळं होतं आणि सिस्टरनी ते पैजेच्या दहा दिवस आधीच लोडरशी ताडून बघितलं होतं. त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि सहानुभूतीनं म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या इथंच. वस्तू तुमचीच हाये. फक्त मालक तुम्ही, तवा ग्रीस तुम्हीच लावायचं."

आणि रावसाहेबांनी लावलं. पंधरा दिवसांनी एकदा ग्रीसची बंदूक घेऊन यायचे, गुडघे टेकून आपल्या सोंडेचे सांधे भरायचे. सिस्टर बांधावरून विचारायच्या, "रावसाहेब, तुमचा लोडर आज वापरू का?" ते म्हणायचे, "वापरा की, मला कशाला इचारता." "तसं कसं? मालकाला इचारायलाच पाहिजे." मालक हा शब्द त्या जरा लांबवून म्हणायच्या. त्यांच्या वडिलांनी तो शब्द त्याच बांधावर किती वेळा म्हटला असेल, ते त्या दोघांनाही माहीत होतं. एकदा रावसाहेब ग्रीसचे हात पुसत म्हणाले, "सिस्टर, मालक नका म्हनू. रावसाहेब म्हना." त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द वापरला नाही. पैज हरूनही पेरू हंगामभर रावसाहेबांच्याच पिकअपमधून गेले. कुणी मागितलं नाही, कुणी आठवणही करून दिली नाही. रावसाहेबांच्या रानातलं खतही त्या छोट्या ट्रॅक्टरनंच भरलं गेलं.

वर्ष संपलं. मिलिंदभाऊंनी विकण्याचा विषय काढला नाही. एका रविवारी आम्ही गेलो तर पडीक कोपऱ्यात त्यांनी कुणाला न विचारता चाळीस सीताफळाची रोपं लावली होती. ओळींत नेहमीपेक्षा जास्त जागा सोडलेली. सिस्टर म्हणाल्या, "एवढं अंतर?" मिलिंदभाऊ दुसरीकडे बघत म्हणाले, "सोंडंसकट वळाया पाहिजे ना. दर बारीला काढीत बसू का?"

सिस्टर त्या रोपांमधून एक चक्कर मारून आल्या. चष्मा पुसत होत्या. या वेळी गप्प व्हायला समोर कुणी नव्हतं.

पुढं त्या बागेतच राहायला गेल्या. माझी बदली लातूरला झाली. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेल्या. रावसाहेबांनी फोन करून कळवलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या श्रावणात. एका कामासाठी संभाजीनगरला आलो होतो, म्हणून सकाळी खुलताबादला गेलो. सिस्टर पेरूच्या ओळीत ट्रॅक्टर चालवत होत्या, डोक्याला पांढरा रुमाल. मी फाटकातून हाक मारली. त्यांनी तळहात वर केला. थांबा, असं. मी थांबलो. ओळ संपली, ट्रॅक्टर वळून दुसऱ्या ओळीतून आला, पुन्हा तळहात वर. मी पुन्हा थांबलो. चार ओळी झाल्या. मी उन्हात हात जोडल्यासारखा उभा.

मिलिंदभाऊ मागून आले. "मास्तर, कवाधरनं उभे हाये तुम्ही?"

"सिस्टर थांबा म्हणाल्यात."

ते हसू लागले. "तिला तुम्ही दिसलेच नाय. ती फांद्या सावरतीया तोंडावरच्या."

मी पाहिलं. खरंच, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातानं त्या एकेक फांदी अलगद बाजूला करत होत्या, मोडणार नाही अशा बेतानं. चेहऱ्यावर पूर्ण थिएटर होतं. हाक मारून काही उपयोग नव्हता, आणि मला मारावीशीही वाटली नाही. पाचव्या ओळीत त्यांचा हात पुन्हा वर गेला तेव्हा मीही माझा हात वर केला, आणि गाडीकडे निघालो.